दोन मशिनं आणि एक काडेपेटी

६ जानेवारी २०२५

प्रांजली,

सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे बरे आहेत. फोन केला असता, पण गेल्या दोन वर्षांत मी तुला केलेले फोन आठवून बघ. दुसऱ्या वाक्याला माझा आवाज चढतो आणि तिसऱ्याला तू ठेवून देतेस. कागदावर आवाज चढला तर निदान खोडता येतो.

विवेक नोव्हेंबरात पनवेलहून एकटाच येऊन गेला. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "आई, या घरची हवा सुधारल्याशिवाय प्रांजली कल्पिताला इथे आणायची नाही. मला मध्ये घालू नका." तुझा नवरा बोलतो कमी, पण बोलला की महिनाभर पुरतं.

दोन वर्षांपूर्वी काय झालं ते तुला वेगळं सांगायला नको, पण माझ्या बाजूने एकदा मांडते. जयंती झाली आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या सासऱ्यांनी राब पेटवला. आता कोकणातल्या शेतकऱ्याने एप्रिलात राब भाजायचा नाही तर कधी भाजायचा? पाला, शेण, तोडलेल्या फांद्या तुकड्यावर पसरायच्या, पेटवायच्या आणि त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं बी टाकायचं, हे आमच्या आजे-पणज्यांपासून चालत आलंय. कल्पिताला त्रास द्यायला म्हणून कुणी काढलेलं नाही. धूर घरात शिरला, पाच वर्षांच्या पोरीचा श्वास अडकला, तू तिला उचलून रिक्षाने माणगावच्या दवाखान्यात नेलंस. ती जी गेलीस, ती परत उंबरठ्यावर आली नाहीस. बॅगासुद्धा विवेकने नेल्या.

झालं ते झालं. (हे वाक्य खोडणार होते, राहू दे.)

यंदा जयंती सोमवारी आहे. शनिवार-रविवार धरून तीन दिवस मिळतात. कल्पिताने मिरवणुकीत माझं बोट धरून चालावं एवढंच माझं मागणं आहे. त्यासाठी घरची हवा सुधारायची असेल तर सुधारू. माझी भाची रचना, ती थळला असते ती, तिला धुळीची ॲलर्जी आहे. सकाळी उठली की वीस शिंका ठरलेल्या. तिच्याकडे हवा गाळायचं मशीन आहे आणि शिंका आता चारवर आल्यात. मी चौकशीला लागले आहे.

इंदू बाळाराम साळवी


३० जानेवारी २०२५

प्रांजली,

जयभीम.

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. हे खोटं आहे. पोस्टमनची सायकल दिसली की मी फाटकापर्यंत जायचे.

माणगावला हरेश्वरशेठच्या दुकानात गेले होते. मशीन म्हटल्यावर त्याने आधी मला मिक्सर दाखवला. मग पांढरं, कमरेइतकं उंच असं एक बाहेर काढलं. "काकू, हेच न्या. साडेचारशे चौरस फुटांना पुरतं." त्यावर आकडा येतो, हवेत बारीक धूळ किती त्याचा. शिवाय 'आयन' म्हणून एक बटण आहे. दाबलं की निळा दिवा लागतो आणि म्हणे डोंगरावरची हवा येते. मी म्हटलं, डोंगर माझ्या मागच्या दारातच आहे, त्याचे पैसे कशाला देऊ? तो हसला आणि महिनाभर वापरून बघायला दिलं. ओळखीचा फायदा. त्याचे दोन्ही मुलगे माझ्या अंगणवाडीत होते.

दुसरं रचनाचं, तिच्याकडून मागून आणलं. काळं, बुटकं, पाण्याच्या हंड्याएवढं. आकडा नाही, बटणं नाहीत, नुसता एक दिवा. हवा चांगली असली की हिरवा, बिघडली की पिवळा, वाईट झाली की लाल. तो दिवा बघून मला हसू आलं. तीस वर्षं मी लेकरांची वजनं करून तक्त्यावर ठिपके मांडले. हिरव्या पट्ट्यात ठिपका पडला तर लेकरू ठीक, पिवळ्यात गेलं तर लक्ष द्यायचं, लाल झालं तर आईच्या मागे हात धुऊन लागायचं. लाल लेकराला हिरव्यात आणणं मला नवीन नाही. एक कोरं रजिस्टर शिल्लक होतं, त्यात दोन्ही मशिनांची हजेरी लिहायला लागले.

तर ऐक. पडवीला लागून जी मोठी खोली आहे ना, तिथे पांढरं ठेवलं. पहिल्याच दिवशी मी सुकट परतायला घेतली आणि त्याने असा काही घरघराट सुरू केला की तुझे सासरे जेवता जेवता थांबले. "ह्याला वास सहन व्हत न्हाय. शाकाहारी दिसतंय." तिसऱ्या दिवशी शेजारी कोंडाजीने पालापाचोळा पेटवला. आकडा एकशे नव्वद. मी दारं लावली, खिडक्या लावल्या, पदर खोचून समोर बसले. संध्याकाळपर्यंत आकडा एकशे नव्वद. काळ्याचंही तेच. लाल लागला तो लागलाच.

दोन्ही मशिनं भामटी आहेत असं माझं मत झालं आहे. पण मी हरले असं समजू नकोस.

इंदू साळवी


२४ फेब्रुवारी २०२५

प्रांजली,

जयभीम.

तुझं पाकीट मिळालं. हात धुऊन उघडलं. आत एक ओळ. "आयनचं बटण असलेलं घेऊ नका, दम्याच्या मुलांना ते चालत नाही." वर नमस्कार नाही, खाली सही नाही. दोन वर्षांनी सुनेचं पत्र आलं आणि त्यात बटण! पण मी ते चार वेळा वाचलं. तू लॅबमध्ये दिवसभर रक्त तपासणारी, तुझं पत्र तपासणीच्या कागदासारखंच असायचं. 'घेऊ नका' म्हणजे दुसरं घ्या, असा मी त्याचा अर्थ लावला. चुकला असेल तर कळव. कळवलं नाहीस तर बरोबर धरीन.

मशिनं भामटी नव्हती. भामटी मी.

रचना आपलं काळं न्यायला आली. मी तिला तासभर गाऱ्हाणं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्या, जरा वर बघ." मी वर बघितलं. कौलांमधून उजेड दिसत होता. भिंत संपते तिथून कौलं सुरू होईपर्यंत हातभर फट. "तू खिडक्या लावून बसलीस आणि डोक्यावर अख्खं आभाळ उघडं! सगळ्या वाडीची हवा गाळायला काढलीस का?" आपलं घर बांधलंच वारा खेळावा म्हणून, आणि मी त्यात बसून मशिनाला शिव्या घालत होते. तीस वर्षं बायकांना सांगितलं, भोक पडलेल्या भांड्याने दूध मोजू नका. स्वतःवर आलं तेव्हा सुचलं नाही.

काळं तिने आणखी थोडे दिवस माझ्याकडेच राहू दिलं. मग मधली खोली निवडली. तिला तीन बाजूंनी भिंती आणि एकच खिडकी. तुझ्या सासऱ्यांना म्हटलं, वरून प्लायवूड मारायचं आहे. मला वाटलं कटकट करतील. एस.टी.च्या वर्कशॉपात आयुष्य गेलं त्यांचं, बसला पत्रे मारण्यात. निवृत्त झाल्यापासून हातोडीला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर शिडी लावून उभे. चार दिवसांत छत झालं. दाराच्या आणि खिडकीच्या फटींना त्यांनी बसच्या खिडकीचं जुनं रबर बसवलं. कुठून आणलं विचारलं तर म्हणे, "आनलं. तुला काय करायचंय?" आता ते दार लावलं की 'फुस्स' असा आवाज होतो. दिवसातून दहा वेळा उगाच लावून बघतात.

मग परीक्षा घेतली, खरीखुरी. घमेल्यात वाळला पाला आणि शेणी पेटवून खिडकीखाली ठेवलं. आकडा तीनशेच्या वर गेला की खिडकी बंद. पांढऱ्याचं ते आयन बटण मी बंदच ठेवलं होतं. वीस मिनिटांत आकडा चाळीसवर आणला, त्याचे गुण मी कापणार नाही. पण वास तसाच राहिला आणि घसा खवखवत राहिला. मागचं झाकण उघडून बघितलं, वास शोषायच्या कोळशाचा थर पापडाएवढा पातळ. धूळ गाळायची जाळी बरी होती, धुराच्या वासाला मात्र काही नव्हतं. काळ्याला पस्तीस मिनिटं लागली, पण आकडा चौदा झाला आणि वास गेला. त्याच्या आत कोळशाच्या दाण्यांनी भरलेला अख्खा डबाच आहे. आकडा बघायला पांढऱ्याचा पंखा बंद करून त्याला नुसतं शेजारी उभं केलं होतं. एका पोराला दुसऱ्याचा पेपर तपासायला लावावा तसं.

शेवटची परीक्षा लाईटची. आपल्याकडे लाईट कधी जाईल ते लाईटलाही माहीत नसतं. टीव्हीचा इन्व्हर्टर पांढऱ्याला जोडला तर दीड तासाने बोंबलायला लागला. काळं पाच तास चाललं.

हरेश्वरशेठला पांढरं परत केलं. त्याचं तोंड पडलं. "काकू, हिंडून-फिरून लहानच निवडलंत!" मी म्हटलं, "शेठ, तुमचा धाकटा पण लहानखुराच होता, पण कधी लाल पट्ट्यात गेला नाही." रचनाच्या मशिनासारखंच नवं मागवलं आहे.

इंदू


२३ मार्च २०२५

प्रांजली,

नवं मशीन आलं. मधल्या खोलीतल्या कापसाच्या गाद्या काढल्या, गोधड्या उकळत्या पाण्यात टाकून उन्हात तापवल्या. रचना म्हणते ॲलर्जीचे किडे गादीतच असतात, मशीन ते ओढून काढत नाही. पडदे काढले. तुझ्या सासऱ्यांची मिठाच्या पाण्याची गुळणी या खोलीत चालायची, तीसुद्धा आता मोरीत गेली.

आपला राब यंदा भाजायचा नाही, असं ठरलं. शेणखत घालून मातीचे उंच गादीवाफे करणार. तुझे सासरे आठ दिवस म्हणत होते, "राब न्हाय भाजला तर रोपं पिवळी पडतील, तण माजंल." मग एक दिवस गप्प झाले आणि कुदळ घेऊन गेले. कोंडाजी मात्र ऐकणार नाही. त्याचं शेत आपल्या कुंपणाला लागून आहे. तो भाजणार. म्हणजे धूर येणारच, मी तुला फसवत नाही. म्हणूनच तर खोली केली.

आता जे लिहायचंय, त्यासाठी मला तीन पत्रं घालवावी लागली. मशिनाच्या आड लपून बरीच लांब आले, आता आड काही उरलं नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तुझ्या सासऱ्यांनी राब पेटवला. त्याच्या आदल्या दिवशी जेवताना तू म्हणाली होतीस, "आम्ही सतरा तारखेला निघतो, त्यानंतर भाजा ना." तेव्हा ते 'बरं' म्हणाले होते. ते थांबणारच होते. सकाळी मागच्या दारी मीच त्यांच्या हातात काडेपेटी दिली. ते म्हणाले, "अगं, पोर हाय घरात." मी म्हटलं, "आपल्या शेतात काडी कधी लावायची, ते आता पनवेलवाली ठरवणार का? पेटवा."

एवढंच होतं, प्रांजली. हट्ट. सून आली आणि दोन दिवसांत घराची सूत्रं हलवायला लागली, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

कल्पिता खोकायला लागली तेव्हा "नाटकं करते" हेही मीच म्हटलं. ते तू ऐकलंस. काडेपेटीचं तुला माहीत नाही, म्हणून दोन वर्षं तुझे सासरे तुझ्या रागाचे धनी झाले. एक शब्द बोलले नाहीत. विवेकलाही नाही. मी समोर बसून भाकऱ्या थापत राहिले आणि त्यांना विवेकची बोलणी खाऊ दिली. तीस वर्षं दुसऱ्यांची लेकरं बघून एका नजरेत सांगायचे, हे लाल आहे, हे उचला. माझ्या घरचं लेकरू माझ्यासमोर निळं पडत होतं आणि मला दिसलं नाही. लाज वाटते. दोन वर्षं रोज वाटली.

हे वाचून तू येणार नसशील, तर तेही मी समजू शकते. मशीन आणि खोली आहे तिथेच राहील. पण हे न सांगता तुला त्या खोलीत बोलावणं मला जमेना.

तुझ्या सासऱ्यांना हे पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कशाला लिवलंस?" आणि मग स्वतःच पोस्टाच्या पेटीत टाकून आले.

इंदू


१६ एप्रिल २०२५

प्रांजली,

सप्रेम जयभीम.

तू होतीस, तरी सगळं पुन्हा लिहिते आहे. माझ्या बाजूने कसं दिसलं ते तुला कसं कळणार?

शनिवारी रिक्षा थांबली आणि आधी कल्पिता उतरली. केवढी उंच झाली! तिच्यामागून तू, मग बॅगा घेऊन विवेक. मी 'ये' म्हणेपर्यंत तू पर्समधून एक छोटं यंत्र काढलंस आणि पडवीत धरलंस. माझ्या पाया पडायच्या आधी हवा मोजलीस. मला राग यायला हवा होता, पण मनात म्हटलं, शाब्बास. अशीच आई पाहिजे.

रविवारी सकाळी कोंडाजी कुंपणाशी येऊन उभा राहिला. "वैनी, वारा पडलाय. उद्या तुमची जयंती, उद्या धूर नको तुमाला, म्हनून आजच उरकून टाकतो." भला माणूस! आमच्यासाठीच करत होता, त्याला काय बोलणार? विवेक त्याला थांबवायला निघाला, तर तू म्हणालीस, "थांबवू नका. खोली कशाला केली मग?" तेव्हा मला कळलं, तू फिरायला आली नव्हतीस. परीक्षा घ्यायला आली होतीस.

पाचही जणं मधल्या खोलीत. तुझ्या सासऱ्यांनी दार लावलं. फुस्स. खिडकीच्या काचेबाहेर सगळं पांढरं झालं, आंबा दिसेना, कुंपण दिसेना. आणि नेमकी लाईट गेली. पंखा थांबला. मी श्वास धरून बसले होते, मशिनासाठी. इन्व्हर्टरने एकदा 'टुक' केलं आणि ते काळं पुन्हा फिरायला लागलं. दिवा पिवळा होता, मग हिरवा. तू दार किलकिलं करून यंत्र बाहेर धरलंस, चारशे बारा. आत घेतलंस, टेबलावर ठेवलंस, अर्ध्या तासाने बघितलंस, अकरा. कल्पिता गोधडीवर पालथी पडून चित्रं रंगवत होती. तिला कशाचा पत्ता नव्हता. तू तिच्या पाठीला कान लावलास. मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "आई, तुम्हीही ऐका."

मी कान लावला. आत नुसता श्वास होता. शिटी नाही, घरघर नाही. असा श्वास मी हजार लेकरांचा ऐकला असेल, पण कान उचलायला इतका वेळ कधी लावला नव्हता.

आणि मग तू कल्पिताचे रंग पेटीत भरत भरत, मान वर न करता म्हणालीस, "काडेपेटीचं मला तेव्हाच माहीत होतं. मी न्हाणीत होते, मागचं दार उघडं होतं. तुमचं सगळं बोलणं ऐकलं होतं मी. तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते." दोन वर्षं! मी कल्पिताची चित्रं उगाच गोळा करायला लागले. तुझे सासरेच म्हणाले, "लावली मीच ना. हात तर माझाच हुता." तू त्यांना म्हणालीस, "बाबा, तुमच्यावर माझा राग कधीच नव्हता. तुम्ही फोनच घेत नव्हता." तर ते दाराचं रबर तपासायला उठले. रबराला काही झालेलं नव्हतं.

सोमवारी मिरवणुकीत कल्पिता पांढरा फ्रॉक घालून चालली. माझं बोट तिने बुद्धविहारापर्यंतच धरलं, मग सोडून पुढे पळाली. "जयभीम" ओरडून ओरडून तिचा आवाज बसला. खोकला एकदाही आला नाही. मी मागून चालत होते. कुणी विचारलं, "इंदूबाई, नात आली वाटतं?" तर मी म्हणायचे, "व्हय! आली!" बहुतेक निम्म्या वाडीला मी दोनदोनदा सांगितलं.

काल तुम्ही गेलात. दुपारी खोली झाडायला गेले तर टेबलावर माझं रजिस्टर उघडं होतं. अंगणवाडीत सुपरवायझर बाई यायच्या, सगळी पानं उलटून बघायच्या आणि शेवटी लाल शाईने शेरा मारायच्या. तीस वर्षांत मला चांगले-वाईट पुष्कळ शेरे मिळाले. आकड्यांच्या खाली तुझं अक्षर होतं. नेहमीसारखं नमस्कार नाही, सही नाही:

"बाहेर ४१२. आत ११. श्वास साफ. २६ एप्रिल ते २५ मे, कल्पिता आजीकडे."

पूर्ण महिना! मी तीन दिवस मागितले होते.

तुझ्या सासऱ्यांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कुदळ घेऊन वाफ्यांकडे निघाले. म्हणाले, "पोरगी येनार, तवर वाफं नीट दिसायला पायजेत."

येताना तिची औषधं आणि तो पंप आण. रंग आणू नकोस, मी माणगावहून आणते. आणि तूही एक रविवार राहा.

तुझी,
आई